जाहिरातींची चाळणी

चौकशीबाईंचं खरं नाव आता फक्त सरकारी कागदांवर उरलं होतं. एकतीस वर्षं त्या टेलिफोन खात्याच्या चौकशी विभागात कानाला यंत्र लावून बसल्या. लोक नाव सांगायचे, त्या नंबर सांगायच्या. खातं बदललं, विभाग बंद झाला, त्या घरी आल्या, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्यांचे यजमान फुलांच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे. बाजारात सगळे त्यांना पुकारे म्हणत. ते आडनावच आहे असं समजून कुणीतरी त्या नावाने लग्नाची पत्रिकाही छापून पाठवली होती. चौकशीबाई दिवसभर बोलून दमायच्या आणि घरी आल्या की गप्प बसायच्या. पुकाऱ्यांचं मात्र पहाटेपासून ओरडूनही बोलणं संपलेलं नसायचं. संसार असा दोघांनी छान वाटून घेतला होता.

आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी दात घासता घासता पुकाऱ्यांच्या हातून ब्रश पडला. चौकशीबाईंनी काय झालं म्हणून विचारलं, तर तोंडातून नुसता घरघर आवाज आला. डॉक्टरांनी पक्षाघात सांगितला. पुढे पाय बराच सुधारला, उजवा हात थोडाफार सुधारला, पण शब्द काही परत आले नाहीत. समजायचं सगळं. एक ते वीस आकडे तर ते जुन्या ठेक्यात एका दमात म्हणायचे. पण समोर कप धरला की कपाला चावी म्हणायचे, आणि बरोबर आलं की चुकलं, हे त्यांचं त्यांना कळायचं नाही. बायकोच्या तोंडाकडे बघून अंदाज घ्यायचे.

बोलायचा सराव करून घेणाऱ्या थेरपिस्ट बाई शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायच्या, महिन्यातून दोनदाच यायच्या. मधल्या दिवसांसाठी त्यांनी टॅबलेटवर एक ॲप टाकून दिलं होतं. त्यात चित्र दिसायचं, पुकाऱ्यांनी शब्द म्हणायचा, आवाज कुठेतरी दूर जाऊन तपासला जायचा, आणि शब्द बरोबर असला तर घंटी वाजायची. तोच आवाज थेरपिस्ट बाईंनाही आपोआप पोचायचा. ॲप फुकट होतं, त्यामुळे दर तिसऱ्या शब्दाला जाहिरात. ती बंद करायची सोय बनवणाऱ्यांनी ठेवलेलीच नव्हती.

पुकारे छत्रीच्या चित्राकडे बघत बसायचे. कपाळावर घाम यायचा. ओठांचा चंबू व्हायचा. "छ... छ..." इथवर गाडी यायची, आणि एकदम कुणीतरी बाई किंचाळायची की पंधरा दिवसांत पोट सपाट करा. शब्द जिभेवरून पळून जायचा. सुरुवातीला पुकारे हसायचे, स्वतःच्या पोटाकडे बोट दाखवायचे. मग हसेनासे झाले. एका सकाळी त्यांनी टॅबलेट पालथा घातला, त्यावर उशी ठेवली आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

चौकशीबाईंनी त्याच दिवशी जावयाला फोन लावला. लेक आणि जावई दूरच्या शहरात होते. जावई एका रुग्णालयातलं कॉम्प्युटरचं जाळं सांभाळायचा. माणूस शांत, एकच गोष्ट तीनदा सांगायची वेळ आली तरी आवाज न चढवणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि चार दिवसांनी कुरियरने एक पेटी पाठवली. पेटी कसली, पत्त्यांच्या जोडाएवढा एक कॉम्प्युटर, एक केबल आणि त्याच्या वळणदार अक्षरातली चार पानं.

लेकीचं म्हणणं होतं की येत्या सुट्टीत आम्ही येऊन लावून देतो. चौकशीबाईंनी ते मोडून काढलं. सुट्टीला दीड महिना होता, आणि उशीखालचा टॅबलेट त्यांना बघवत नव्हता.

फोन स्पीकरवर ठेवून त्या चपलांच्या कपाटासमोर पाटावर बसल्या. राउटर त्या कपाटावरच होता. जावयाने आधी समजावून सांगितलं की घरातलं प्रत्येक यंत्र काहीही उघडण्यापूर्वी एका चौकशीच्या खिडकीला विचारतं, अमक्या नावाचा नंबर काय म्हणून. आतापर्यंत ती खिडकी इंटरनेट कंपनीची होती. आता ही पेटी आपल्या घरची खिडकी होणार. हिच्याकडे जाहिरातवाल्यांच्या लाखभर नावांची यादी आहे. त्यातलं नाव कुणी विचारलं की ही सांगणार, असा कुणी नाहीच.

"म्हणजे खोटं बोलणार," चौकशीबाई म्हणाल्या.

"हो आई. चक्क खोटं."

चौकशीबाईंनी क्षणभर विचार केला. नोकरीत त्यांनी कधी चुकीचा नंबर दिला नव्हता, मग समोरचा कितीही उद्धट असो. पण किंचाळणारी बाई आठवली आणि त्यांनी केबल खोचली.

दोन तास गेले. पासवर्डमधलं मोठं अक्षर लहान पडलं, एक पायरी गाळली गेली, ती परत करावी लागली. पुकारे दाराच्या चौकटीला टेकून उभे राहून सगळं बघत होते. मधेच ते आत गेले आणि डाव्या हाताने पाण्याचा पेला घेऊन आले. अर्धं पाणी वाटेत सांडलं होतं. चौकशीबाईंनी उरलेलं पिऊन टाकलं.

संध्याकाळी टॅबलेट उघडला, तर पहिले आठ शब्द बिनबोभाट गेले. नवव्याला पोटवाली बाई हजर. मग परत काही नाही, मग परत बाई. चौकशीबाईंना कळेना. पेटी काम करत नसती तर सगळ्याच जाहिराती आल्या असत्या. करत असती तर एकही यायला नको होती. ही अर्धवट तऱ्हा कुठली?

दुसऱ्या दिवशी त्यांनी राउटरचं पान उघडून त्यावरच्या ओळी एकेक करून मोठ्याने वाचल्या, जावई ऐकत होता. चौकशीच्या खिडकीचा पहिला पत्ता होता पेटीचा. त्याखाली दुसऱ्या पत्त्याची जागा होती, आणि तिथे इंटरनेट कंपनीचा जुना पत्ता तसाच बसलेला होता. म्हणजे टॅबलेटच्या मनात येईल तेव्हा तो दुसऱ्या खिडकीवर जाऊन विचारत होता, आणि ती बिचारी खरं उत्तर देत होती. चौकशीबाईंना हसू आलं. त्यांच्या विभागातही असंच असायचं. एकीने नाही म्हटलं की लोक परत फोन फिरवायचे, दुसरी कुणी उचलेल या आशेने. त्यांनी दुसरा पत्ता काढून टाकला आणि टॅबलेट बंद करून परत चालू केला.

जाहिराती थांबल्या.

तीन दिवसांनी दुपारी वीज गेली आणि अर्ध्या तासाने आली, तर घरात काहीच चालेना. टीव्ही गोल गोल फिरत राहिला, टॅबलेट मुका, लेकीचा व्हिडिओ कॉल लागेना. तिने साधा फोन केला आणि आईचा आवाज ऐकल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. चौकशीबाईंनी जावयाची चार पानं काढली. चौथ्या पानाच्या तळाशी त्याने लिहिलं होतं की पेटीचा पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवा, नाहीतर वीज गेली की राउटर तिला नवीन जागी बसवेल आणि घरातले सगळे जुन्या जागी शोधत राहतील. ती ओळ त्यांनी वाचलीच नव्हती. चूक आपली म्हटल्यावर त्यांनी जावयाला फोन न करता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन, सगळं एकट्याने निस्तरलं. टीव्ही परत बोलू लागला तेव्हा त्या इतक्या खूश झाल्या की उगीचच दोन घरं सोडून राहणाऱ्या शिंपीणबाईंकडे जाऊन सांगून आल्या. शिंपीणबाईंना त्यातलं अक्षरही कळलं नाही, पण त्यांनी कौतुकाने मान डोलावली.

त्यानंतरचे दिवस फार शांत गेले. सकाळी अकराला दोघं टॅबलेट घेऊन बसायचे. चित्र यायचं, पुकारे जोर लावायचे, शब्द बरोबर आला की चौकशीबाई "बरोबर" म्हणायच्या. ना किंचाळणं, ना संगीत, ना काही. अशी शांतता ऐकून त्यांना स्वतःचाच अभिमान वाटायचा. जेवणं झाली की त्या घटकाभर आडव्या व्हायच्या. पुकारेही आतल्या खोलीत पडायचे, निदान चौकशीबाईंचा तसा समज होता.

पण पुकारे दिवसेंदिवस मिटत चालले. अकरा वाजले की कुरकुर. तीन-चार शब्द म्हणून टॅबलेट दूर सारायचे. एकदा त्यांनी चमच्याला अगदी स्पष्ट चमचा म्हटलं, चौकशीबाईंनी बरोबर म्हटलं, तर त्यांनी बायकोकडे असं पाहिलं, जणू ती लहान मुलाची समजूत काढते आहे. मग त्यांनी पूर्णच सोडलं. चौकशीबाईंनी गोंजारून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी हात टेकले.

बाराव्या दिवशी थेरपिस्ट बाईंचा फोन आला. आवाज काळजीचा होता. त्यांनी विचारलं की सराव बंद केलात का, कारण बारा दिवसांत एकही आवाज माझ्यापर्यंत आलेला नाही. रोज बसतो की, असं चौकशीबाई म्हणाल्या, पण म्हणता म्हणताच त्यांना काहीतरी टोचलं. फोन ठेवून त्या स्वयंपाकघरातच उभ्या राहिल्या. बारा दिवसांत घंटी कधी वाजली होती?

एकदाही नाही. शांततेच्या कौतुकात घंटी गेल्याचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

पेटीच्या पानावर एक नोंदवही होती. घरातल्या कुठल्या यंत्राने किती वाजता कुणाचं नाव विचारलं, ते सगळं तिथे ओळीने लिहिलेलं असायचं. ज्यांना उत्तर दिलं त्या ओळी हिरव्या, ज्यांना खोटं सांगून परत पाठवलं त्या लाल. जावयाने सांगितलं होतं की काही अडलं तर तिथे बघा. चौकशीबाईंनी टॅबलेटच्या ओळी तेवढ्या वेगळ्या काढल्या आणि पहिल्या दिवसापासून वाचायला घेतल्या.

नावं वाचण्याची त्यांना सवय होती. पोट सपाट करणाऱ्यांचं नाव त्यांनी लगेच ओळखलं, गाद्यांची जाहिरात करणाऱ्यांचंही. पण एक लाल नाव पुन्हा पुन्हा येत होतं. त्याचा पहिला भाग ॲपच्या नावाचाच होता आणि पुढे स्टॅट्स, म्हणजे आकडेवारी, असं जोडलेलं होतं. तो शब्द बघून यादी करणाऱ्या कुणीतरी त्याला पाळत ठेवणाऱ्यांच्या रांगेत बसवलं असणार. प्रत्यक्षात पुकाऱ्यांचा आवाज तिथेच जाऊन तपासला जायचा. तिथूनच घंटी यायची.

मग त्यांचं लक्ष वेळेकडे गेलं.

अकराच्या सुमाराला पाच-दहा लाल ओळी होत्या, ते ठीकच होतं. पण दोन वाजून दहा मिनिटांनीही होत्या. दोन अकरालाही. दोन बारा, दोन चौदा, अशा थेट तीनला पाच कमीपर्यंत. पहिल्या दिवशी सत्तेचाळीस ओळी. दुसऱ्या दिवशी पन्नासच्या वर. रोज त्याच वेळी, त्या डोळे मिटून पडलेल्या असताना, आतल्या खोलीत दार लोटून हा माणूस एकटा शब्द म्हणत बसलेला होता. आणि प्रत्येक शब्दानंतर घंटीची वाट बघत होता. घंटी वाजत नव्हती म्हणजे शब्द चुकला, असाच अर्थ त्यांनी घेतला असणार. दुसरा कुठला घेणार? पाचव्या दिवशी एकवीस ओळी. सहाव्या दिवशी नऊ. सातव्या दिवशी दोन. त्यानंतर दुपारच्या वेळी काही नाही.

चौकशीबाईंनी चष्मा काढला. पदराने तो पुसला, मग डोळे पुसले, मग परत चष्मा. अडीचशेच्या आसपास वेळा त्यांच्या पेटीने त्यांच्याच नवऱ्याला सांगितलं होतं की असा कुणी नाहीच.

दुरुस्तीला दोन मिनिटंही लागली नाहीत. नाव निवडलं, 'परवानगी द्या' म्हटलं, टॅबलेट बंद करून चालू केला. मग त्या तो घेऊन आतल्या खोलीत गेल्या. पुकारे पलंगाच्या कडेला बसून डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं सरळ करत होते. टॅबलेट बघून त्यांनी मान फिरवली.

चौकशीबाई शेजारी बसल्या. दुपारचं आपल्याला कळलंय, हे सांगायचं नाही असं त्यांनी दारातच ठरवलं होतं. एखाद्याने दार लोटून केलेल्या गोष्टीला काही किंमत असते.

"अहो, घंटी माझ्यामुळे बंद होती," त्या म्हणाल्या. "मी लावलेल्या पेटीने जाहिरातींबरोबर तीही अडवली. तुमचे शब्द बरोबर येत होते. सगळे नसतील, पण पुष्कळ येत होते. चूक तुमची नव्हती."

पुकारे त्यांच्याकडे बघत राहिले. ऐकलेलं आत पोचायला त्यांना हल्ली वेळ लागायचा. मग त्यांनी हळूच टॅबलेट मांडीवर ओढला. चित्र छत्रीचं नव्हतं, कुलपाचं होतं. त्यांनी दोनदा श्वास घेतला.

"कु... कुलूप."

घंटी वाजली. पुकारे दचकलेच. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा काही झाला की हसतायत की रडतायत ते सांगता येईना. त्यांनी पुढचं चित्र लावलं. मग त्याच्या पुढचं. जेवणाची वेळ टळून गेली, भाजी गार झाली, कुणी उठलं नाही.

टॅबलेटमध्ये अडकून पडलेले सगळे जुने आवाज त्या दिवशी एकदम थेरपिस्ट बाईंकडे गेले. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज पूर्ण ऐकायलाच दोन दिवस लागले म्हणाल्या. शब्द चांगले येतायत, साठ टक्क्यांच्या वर बरोबर आहेत. मग म्हणाल्या की त्यात काही ठिकाणी चित्रातला शब्द सोडून पुकारेकाका दुसरंच काहीतरी घोटतायत. त्यांचं स्वतःचं. काय ते मी सांगणार नाही, तुम्हीही विचारू नका.

चौकशीबाईंनी विचारलं नाही. त्यांनी जावयाला मात्र विचारलं, की पेटीची ती नोंदवही बंद करता येते का.

जावयाला आश्चर्य वाटलं. पुन्हा काही अडलं तर शोधायला तिचाच उपयोग होतो, असं त्याने सांगितलं.

"अडेल तेव्हा चालू करू," चौकशीबाई म्हणाल्या. "आमच्या विभागात एक शिस्त होती. कोण कुणाचा नंबर विचारतंय ते ऐकायचं, नंबर द्यायचा आणि विसरायचं. शेजारच्या घरातला फोन असला तरी. घरातल्या माणसाच्या मागे मला वही ठेवायची नाही."

जावयाने कुठे जाऊन काय दाबायचं ते सांगितलं, आणि जुन्या नोंदी पुसायचं बटणही दाखवलं. चौकशीबाईंनी दोन्ही दाबलं. त्या लाल ओळीही गेल्या. त्यांना क्षणभर वाईट वाटलं, कारण इतक्या वर्षांत नवऱ्याने आपल्या नकळत केलेली एवढी मेहनत त्यांनी दुसरीकडे कुठे लिहिलेली पाहिली नव्हती.

दुपारी त्या आता पडल्या की मुद्दाम कुशीवर वळून भिंतीकडे तोंड करायच्या. लोटलेल्या दारामागून कधी घंटी ऐकू यायची, कधी यायची नाही. घंटीविना बराच वेळ गेला की त्या कान देऊन पडून राहायच्या. मग वाजायची, आणि त्यांना झोप लागायची.

असे तीन-चार आठवडे गेले. एका रविवारी सकाळी चौकशीबाई मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. चादरी धुतल्या होत्या, बादली जड होती. वाकताना कंबरेत उसण भरली आणि त्या कठडा धरून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. पाठीमागे पाय ओढत येण्याचा आवाज झाला. पुकारे दारात होते. टॅबलेट जवळ नव्हता.

त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. चौकशीबाई वळल्या, पण शब्द सुचवायला गेल्या नाहीत. थेरपिस्ट बाईंनी तेवढं त्यांना पक्कं शिकवलं होतं.

"तू," पुकारे म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. खाली रस्त्यावरून एक सायकल गेली. "तू... द... दमलीस."

चौकशीबाईंचा हात ओल्या चादरीवर तसाच राहिला. झटक्याच्या सकाळपासून त्यांना डॉक्टरांनी, लेकीने, शिंपीणबाईंनी, सगळ्यांनी विचारलं होतं, दमता का हो. प्रत्येकाला त्यांनी नाही म्हणून सांगितलं होतं, आणि नाही म्हणताना त्यांना कधी अडखळायला झालं नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या. "फार दमले."

पुकाऱ्यांनी डाव्या हाताने प्लास्टिकची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. ती उंबऱ्याला अडली, त्यांनी पायाने ढकलली. चौकशीबाई बसल्या. मग पुकाऱ्यांनी बादलीतून एक टॉवेल उचलला, एका हाताने झटकायचा प्रयत्न केला, तो झटकला गेला नाही, तसाच दोरीवर टाकला. एक टोक जमिनीला लागत होतं आणि मधे मोठी घडी पडली होती. त्यांनी मागे वळून पाहिलं.

चौकशीबाई खुर्चीतून उठल्या नाहीत. पुकारे पुढचा कपडा घ्यायला वाकले.